टाकीखालचा ओढा

दोन हजार पाचच्या सुमाराला पुण्याजवळच्या खराडीत काचेच्या इमारती भराभर उठत होत्या. त्यातल्या एकीच्या पार्किंगच्या पावसाळी पाण्याचं काम माझ्याकडे होतं. फरशीवर सांडलेलं गाड्यांचं तेल पाइप लावून गटाराच्या जाळीत ढकलायचं आणि जाळीत गेलं म्हणजे ते शुद्ध झालं असं मानायचं, ही तिथली रीत. ते सरळ ओढ्यात जातं, हे मी सॉफ्टवेअरवाल्या साहेबांना चित्रं काढून समजावलं. त्यांनी चित्रांची तारीफ केली.

ओढ्याकाठी कांताबाईंचा पालकाचा तुकडा होता. घर त्यावरच चालायचं. दोन पावसाळे पालक तेलानं करपला होता. पुन्हा करपला तर जमीन विकायची, असं त्यांच्या मुलानं सांगून टाकलं होतं. म्हणून मी भांडून जाळीच्या पुढे पुरुषभर खोल टाकी बांधून घेतली. थोडं तेल, थोडा गाळ तिथं अडेल, एवढीच माझी अपेक्षा होती.

पाऊस लागला आणि ओढ्यात नितळ पाणी येऊ लागलं. तळाचे गोटे दिसावेत असं. पालक तरारला. मला आनंद झाला, पण चैनही पडेना. टाकी साफ करायला आलेला तन्वीर म्हणाला की बांबूला तेल लागत नाही, गाळ लागत नाही आणि तळही लागत नाही. मग घाण जात होती कुठे?

कांताबाईंना मी हे सांगितलं. "झाकण काढू नका, ताई," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललंय, चालू द्या की."

मी काढायला लावलंच. सर ओसरून ऊन पडलं होतं. कांताबाई येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पाणी इतकं स्वच्छ होतं, की नसल्यासारखं. आभाळ मोकळं होतं, तरी पाण्यावर थेंबांची वर्तुळं उठत होती.

थेंब खालून पडत होते.

माझे हात आपोआप जोडले गेले. मी देव मानत नाही.

खूप खोल, उलटा, एक ओढा वाहत होता. काठाला पालकाचा तुकडा, तेलानं काळा पडलेला. त्यात एक बाई वाकून एकेक पान पदरानं पुसत होती.

कांताबाई टाकीच्या काठाशी वाकल्या.

"टाकी बुजवा, ताई," मग त्या म्हणाल्या. "माझ्या वाटची घाण माझ्याकडंच येऊ द्या."

खालची बाई थांबली. वर न बघताच तिनं मान हलवली, नको म्हणून.

आणि पुढचं पान पुसायला घेतलं.