कपड्याचं दुसरं टोक

फ्रेनी, ती ट्यूबलाइट बंद कर, आतला दिवा पुरे. होमी, मोबाईल खिशात. ही गोष्ट आपल्या मेहेरवानची, त्याने स्वतः माझ्यापुढे रडत सांगितलेली. खोटी वाटली तर उद्या त्याच्या दारात जाऊन विचारा आणि शिव्या खाऊन परत या.

मेहेरवान खांधिया, आपल्या पारशांची प्रेतं उचलणारा. लोक त्याच्या पंगतीला बसत नाहीत, पण शेवटी सगळ्यांना तोच लागतो. दोन वर्षांपूर्वी, तेरा डिसेंबरला दुपारी त्याला खारवाडहून निरोप आला, की चिकूच्या वाडीचे सोराबजी जिन्यावरून पडून गेले. आठवतात ना सोराबजी? उजव्या हाताची दोन बोटं उसाच्या चरकात गेलेली. उरला अंगठा आणि दोन बोटं, पण तेवढ्यांनी कान पिरगाळला की पूर्वज आठवायचे.

आता प्रेताला एकट्याने हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोघं लागतात आणि दोघांच्या हातात एकाच पांढऱ्या कपड्याची दोन टोकं. त्या दिवशी जोडीदार केरसी तापाने फणफणलेला. मेहेरवान म्हणाला, मिळेल तिथे कुणीतरी, आणि एकटाच निघाला. गाढव! तीस वर्षं हेच काम केलं आणि तिथेच चुकला.

पोचेपर्यंत सूर्य बुडाला. अंधारात प्रेत हलवता येत नाही, म्हणजे रात्र तिथेच काढायची. घरात सोराबजींचा पुतण्या नोशीर एकटा होता. त्याने काकांना न्हाऊ घालून, सदरा घालून, कमरेला कस्तीचा दोरा बांधून, टोपी चढवून दगडी लादीवर निजवलेलं.

“दुसरं टोक मी धरतो, मेहेरवानकाका. सकाळी लवकर आटपून टाकू.”

“न्हाऊ कुणाबरोबर घातलंस?”

“एकट्यानेच.”

“एकट्याने? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“मेलेला माणूस काय तक्रार करणार आहे?”

मेहेरवानने दात-ओठ खाल्ले, पण कपडा पुढे केला. मग सोराबजींच्याच बादलला आत आणलं. डोळ्यांवर दोन ठिपके, म्हणजे आपला चार डोळ्यांचा कुत्रा. त्याने प्रेताकडे पाहिलं की मेलेला माणूस खरा मेला. बादलने पाहिलंच नाही. तो नोशीरकडे बघून गुरगुरत राहिला. तीनदा त्याची मान वळवली, तीनदा तेच.

मेहेरवानला शंका आली. त्याने टोपी जरा वर केली. कानामागे कवटी उघडी पडली होती. जिन्यावरून पडून असं होत नाही, ते कोयत्याचं काम होतं. त्याने गुपचूप टोपी खाली ओढली.

नोशीरने बादलला लाथ घालून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

मेहेरवानने दाराकडे पाहिलं. पळावं तर प्रेत खुन्याच्या हाती. त्याने ते रातोरात जाळलं असतं. आपल्या माणसाचं प्रेत, आगीत! आपल्यात अग्नी पवित्र, त्याला प्रेताचा स्पर्शही पाप. मेहेरवान कपडा धरून बसून राहिला.

रात्रीचे सव्वाअकरा.

“टोपी का उचललीत, काका?”

मेहेरवानने कपडा मुठीत आवळला.

“बोला ना…”

नोशीरने आपलं टोक सोडलं. लादीमागून कोयता काढला. पहिला घाव खांद्यावर. हाड दिसलं. दुसरा कानाला चाटून भिंतीत गेला. दिवा लवंडला. विझला.

अंधार… बाहेर बादल दाराला धडका देतोय… मेहेरवान रक्तात लोळतोय. कपडा मात्र मुठीत.

आणि कपडा ताठ झाला.

नोशीर उजवीकडे होता. त्याची धाप ऐकू येत होती. कपडा डावीकडे ओढला जात होता.

लादीकडे.

मग कुणीतरी मेहेरवानचं मनगट धरलं. गार पकड. त्याला फरफटत दारापाशी नेलं. सोडलं.

“काका?…” नोशीर म्हणाला. मेहेरवानला नव्हे.

कोयता फरशीवर खणाणला… कुणीतरी उचलला… मग घाव. एक. दोन. किंकाळी अर्धीच राहिली. घाव थांबेनात…

मग काहीच नाही.

पहाटे शेजाऱ्यांनी दार फोडलं. नोशीरला चेहरा उरला नव्हता. कोयता त्याच्याच हातात. पोलिसांनी लिहिलं, अंधारात स्वतःच्या कोयत्यावर पडला. सोराबजी लादीवर जसेच्या तसे, सदऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

बादल आत आला. या वेळी त्याने सोराबजींकडे पाहिलं, खूप वेळ, शांतपणे. नोशीरला ओलांडून तो मेहेरवानजवळ गेला, त्याचं मनगट हुंगलं आणि धनी घरी आल्यावर हलवायचा तशी शेपूट हलवू लागला.

आता बादल मेहेरवानकडेच असतो. गेल्या आठवड्यात दोघं इथेच, या ओट्यावर बसले होते. दोन वर्षं झाली, पण मनगटावरचा काळा डाग गेलेला नाही. बादल तो चाटत होता. मी न राहवून त्या डागावर माझी बोटं ठेवून पाहिली.

अंगठा… दोन बोटं… पुढे कोरी कातडी.