सहावी जागा

ऑफिसच्या लिफ्टचं दार मिटता मिटता त्यानं पाय घातला, आणि माझी लेक दचकली, तिच्या हातातल्या रंगीत चिठ्ठ्या सांडल्या.

"पाय गेला असता ना!"

"गेला असता तर... रोज तुम्हीच आणलं असतं मला."

दोघं उकिडवी बसून चिठ्ठ्या वेचत राहिली. लिफ्ट वर गेली, खाली आली – उतरायचं भान कुणाला!

लेक सॉफ्टवेअरच्या कंपनीत. सहा-सहा जणांची टीम कुठल्या कामावर बसवायची, हे ती ठरवते. तो तिथलाच टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि पगार घ्यायचा. मी जन्मभर फुकट केलं.

वर्षभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. मग वरून लेकीला हुकूम आला – जुनं काम तीन महिन्यांत बंद, त्यावरची माणसं घरी. आणि ओठ शिवून ठेव.

त्यांची रीत अशी, की ज्यानं त्यानं आपल्या नावाची चिठ्ठी भिंतीवर हव्या त्या कामाखाली लावायची. यानं जुन्याखाली लावली. "मला ते तोंडपाठ आहे," म्हणाला. हसतसुद्धा होता मेला!

पोरगी जेवेना.

"हलव त्याची चिठ्ठी," मी म्हटलं.

"नव्या कामावर सहाही जागा भरल्यात, आई. कुणाला तरी काढावं लागेल."

"मग काढ! मला जावई हवाय, तुझी भिंत नको."

ऑफिसात ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, त्यांची चिठ्ठी तिनं नव्या कामाखालून काढून जुन्याखाली लावली, आणि याची त्यांच्या जागी. वयस्क माणूस, यालाही काम त्यांनीच शिकवलेलं. "तोल साधायला अदलाबदल केली," असं तिनं सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला.

तीन महिन्यांनी गुरुजी घरी गेले. त्याच संध्याकाळी हा आमच्या दारात. बूटही काढले नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"चिठ्ठी हलवायला मीच सांगितलं तिला," मी पुढे झाले. "मला बोल काय ते."

"काकू, चिठ्ठी तुम्ही नाही हलवलीत." मग तिच्याकडे वळला. आवाज अगदी हळू. "जीव आहे माझा तुझ्यावर... आजवर बोललो नव्हतो. पण तुझ्याशेजारी बसलो की गुरुजींची खुर्ची दिसेल गं मला. राजीनामा दिलाय."

तो जिना उतरू लागला.

"अगं, थांबव त्याला!" मी तिला ढकललंच.

ती चौकट धरून उभी. खालचं फाटक वाजलं, तेव्हा म्हणाली –

"कुठल्या तोंडानं, आई?"