आत कोणाला घ्यायचं

बायको गेल्यावर तिच्या कॉम्प्युटरला मी नवं कुलूप लावायला घेतलं. माझं कामच ते आहे. येणाऱ्याची ओळख तपासणारं मॉड्यूल, म्हणजे छोटासा प्रोग्राम, सी भाषेत लिहायचं, कंपाइल करून मशीनला वाचता येईल अशी फाइल बनवायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. कोणी लॉगिन करू लागलं की सिस्टिम आधी त्या मॉड्यूलला विचारते, ह्याला आत घ्यायचं का?

कारण होतं तिचा ऑफिसातला सोबती. तिची अर्धवट ड्रॉइंग्ज न्यायला आला आणि मला काही न विचारता तिचा पासवर्ड टाकून मोकळा झाला. मला तो पासवर्ड माहीत नव्हता. मला ती जन्मभर ‘अहो’ म्हणाली. त्याला ‘अरे’.

‘कोण?’ असं विचारायचं आणि फक्त माझं उत्तर मान्य करायचं, एवढंच मी लिहिलं. कंपाइलरने एकही चूक काढली नाही. बसलो, उत्तर टाइप केलं. नाकारलं. अट उलटी पडली असेल म्हणून तपासली. सरळ होती.

दुपारी तो राहिलेल्या फायलींसाठी आला. बूट दारात काढले, खुर्चीत बसला आणि हसला.

“हे भारी केलंत. अगदी तिच्यासारखं.”

“काय?”

“हेच की. ‘आलास?’ म्हणतंय.”

ते मी लिहिलेलं नव्हतं. कीबोर्डला बोटही न लावता तो आत गेला होता.

तो गेल्यावर मी सगळं पुसलं. एकच ओळ ठेवली: कोणीही असो, नाही. पुन्हा कंपाइल केलं, जुनी फाइल उडवली, मशीन बंद करून चालू केलं.

स्क्रीनवर आलं, ‘अहो, तुम्ही नाही. त्याला पाठवा.’

माझा नुसता जळफळाट झाला. फोन काही केला नाही. तरी बेल वाजली.

“बोलावलंत?” तो बूट काढत म्हणाला.

“नाही.”

“मग फोनवर…” तो माझ्याकडे न बघता तिच्या खोलीत गेला.

मी मुद्दाम मागे गेलो नाही. चहा ठेवला. एकच कप.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

गेलो तर खोली रिकामी. खिडकीला जाळी आहे. बाहेरची वाट माझ्यासमोरूनच जाते.

स्क्रीनवर ‘ये.’

त्याच्या बायकोने फोन करून विचारलं. मी सांगितलं, तो आलाच नाही. बूट अजून दारात आहेत.

मी रोज दाढी करतो, चांगला शर्ट घालतो, तिच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसतो.

स्क्रीनवर अजून ‘अहो’च.