वाळूची ड्युटी

वेळशीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू रोज सकाळी सातला कामावर निघे आणि साडेबाराला थांबे. रविवारी सुट्टी. इतकी शिस्त कंपनीत गावातल्या एकाही माणसाने कधी पाळली नव्हती.

कंपनीची जुनी खाण संपली होती आणि काळ्या वाळूचा नवा साठा थेट गावाखाली निघाला होता. घरं न हलवता तो बाहेर काढायचा, म्हणून डॉ. ऋचा केतकरांनी ‘हाकजंतू’ घडवले. हे जिवाणू ओलाव्यात फक्त इल्मेनाइटला, म्हणजे टायटॅनियम असलेल्या काळ्या कणांना चिकटत. त्यांच्या शरीरात लोहचुंबकाची बारीक माळ असे. खाडीकाठच्या मनोऱ्यातून ठरावीक तालाचं चुंबकीय क्षेत्र सुटलं, की ते मनोऱ्याकडे पोहू लागत. या क्षेत्राचं नाव ‘हाक’. एकट्या जंतूत काय जोर असणार? पण एका कणावर दहा हजार बसत आणि सगळे एकाच दिशेला ओढत. ग्रामसभेत असं कधी घडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अख्खा गाव बांधावर जमला. पांढरी वाळू जागच्या जागी राहिली. तिच्यातून काळ्या रेघा वर आल्या, एकमेकींना मिळाल्या, माणसांच्या पायांना वळसे घालून मनोऱ्याकडे सरकू लागल्या. काहींनी चपला काढल्या.

फुटाणे भाजणाऱ्या सुमती मयेकरांनी तेवढं विचारलं, “माझ्या कढईतली वाळूपण जाणार काय? सासूबाईंच्या वेळची आहे.”

“घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, काकू,” केतकर म्हणाल्या. सगळे हसले.

तिसऱ्या आठवड्यात सुमतीचा नवरा भिवा खोकू लागला. एकतीस वर्षं तो कंपनीच्या जुन्या कारखान्यात वाळूच्या चाळणीवर होता. खोकला त्याला नवा नव्हता. कंपनीच्या डॉक्टरांनी ‘दमा’ असं लिहूनही दिलं होतं. पण हा खोकला सातला सुरू होई आणि साडेबाराला थांबे. दोन रविवार खोकल्याविना गेल्यावर सुमती केतकरांना गाठायला गेली.

“डॉक्टरीणबाई, ह्यांचा खोकला तुमच्या वाळूच्या ड्युटीवर आहे.”

केतकर घरी आल्या. भिवाच्या पाठीला कान लावून बराच वेळ बसल्या.

“छातीत जुनी धूळ आहे. जंतू श्वासातून तिथवर गेले. ते कण सरळ रेषेत ओढतात. मध्ये फुफ्फुस आहे हे त्यांना कळत नाही.”

“मग बंद करा की हाक.”

“सांगितलं मी वर. ते म्हणतात, आमच्या नोंदीप्रमाणे कुणाच्याही छातीत धूळ नाही. नसलेल्या धुळीसाठी काम थांबवता येत नाही.”

“फाटणार काय छाती?”

केतकरांनी पुन्हा भिवाच्या पाठीला कान लावला.

भिवानेच विचारलं, “रेष सरळ म्हणालात ना? कारखान्यात वाळूची पन्हळ तुंबली की आम्ही वाळूला ढकलत नव्हतो. पन्हळ फिरवत होतो.”

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी तो घरामागच्या उतारावर उताणा झोपला. डोकं खाली, मनोऱ्याकडे, घसा हाकेच्या रेषेत. पाय सुमतीने धरले.

“शीर्षासन करतोयस की काय?” शेजारच्या रघूने कुंपणावरून विचारलं.

सात वाजले. भिवा खोकला आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढी काळी रेघ निघाली. गालावरून गवतात उतरली आणि चालू लागली. सुमतीने पदर पुढे केला, पण पुसलं नाही.

साडेबाराला तो उठून बसला. खोल श्वास घेतला आणि तो अर्ध्यात अडकला नाही.

“गवताला वास असतो गो,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात उतारावर एकोणीस निवृत्त कामगार ओळीने डोकी खाली करून झोपू लागले. रघू पाचवा. एकोणीस रेघा उताराखाली येऊन एक होत. केतकर रोज येऊन त्या प्रवाहाशेजारी उभ्या राहत. आपण घडवलेल्या गोष्टीपुढे इतकं लहान वाटेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सुमतीने त्यांचा हात ओढला. “इकडे बघा.”

उताराच्या पलीकडच्या अंगाला मसणवट होती. तिथे कुणीच झोपलं नव्हतं. पण राखेच्या जागांतून बारीक काळ्या रेघा निघाल्या होत्या. एक, चार, अकरा. पुढे सुमतीने मोजायचं सोडलं. गावात दम्याने गेलेले किती, हे तिला पाठ होतं.

रेघा उतारावरच्या प्रवाहाला मिळाल्या आणि मनोऱ्याकडे वळल्या. सात वाजून दोन मिनिटं झाली होती. जुनी माणसं, वेळेवर निघाली होती.