जांभळी पाहुणी

"ही? ही तर आपल्या बंदरातली नेहमीची पांढरी गोगलगाय!" संग्रहालयाच्या संचालकांनी बाटली नाकासमोर धरून हलवली. "उगाच राईचा पर्वत करू नका, बाई."

"सर, काल ती जांभळी होती! काठाला पिवळी पट्टी होती! तुम्ही तिला नीट न बघताच स्पिरिटमध्ये टाकलंत, म्हणून रंग उतरला. मी फक्त कॅमेरा आणायला गेले होते हो!"

"प्राणी कुजण्याआधी बुडवावा, हा आमचा जुना शिरस्ता! आणि जांभळी असलीच, तरी तुम्हीच म्हणता ना, ती फार दूरच्या गरम समुद्रात राहते? मग कुणीतरी आपल्या काचेच्या टाकीतली आणून सोडली असेल. बंदरातल्या प्राण्यांचा अहवाल आज संध्याकाळी छपाईला जातोय. त्यात ही पांढरीच राहील!"

दाराच्या फटीत एकावर एक तीन डोकी होती. आत वाद घालणाऱ्या मावशीकडे सुट्टीला आलेली ही तिची भाचरं. सगळ्यात वर हवालदार. ही मुलगी हो! सतत हुकूम सोडते म्हणून हे नाव. मध्ये तिचा गोल गरगरीत भाऊ भोपळ्या, आणि खाली त्यांचा चिमुकला मावसभाऊ शेंगदाणा.

मावशी बाहेर आली ती डोळे पुसतच. "आपल्या समुद्रात हा प्राणी आजवर कुणी पाहिलेला नाही रे. आपलं पाणी गरम होतंय, याचा तो पुरावा होता. आता कोण विश्वास ठेवणार?"

मावशीला रडताना मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं. शेंगदाण्याचाही ओठ थरथरायला लागला.

"ए, गळा काढू नकोस!" हवालदार म्हणाली. "मावशी, काल ती कुठे सापडली?"

"तरंगत्या धक्क्याला जुने टायर लटकवलेत ना, होड्या आपटू नयेत म्हणून? त्यातल्या एकावर. पण आज ते टायर खरवडून साफ करणार आहेत."

"आज? चला रे!"

धक्क्यावर मुकादमांनी टायर दोरांनी वर ओढून ठेवले होते. शेवाळ आणि शिंपल्यांनी ते पार भरून गेले होते. मुकादम लोखंडी पातं घेऊन खसाखसा खरवडत होते आणि सगळा गाळ पायाने समुद्रात लोटत होते.

"काका, थांबा! त्यात दुर्मीळ प्राणी असेल!" भोपळ्या ओरडला.

"दुर्मीळ तर माझी विश्रांती आहे! पळा इथून!"

हवालदारने भोपळ्याला चिमटा काढला आणि आवाजात साखर घोळली. "काका, घामाघूम झालात की! आम्ही खरवडू का? आम्हाला सुट्टीत काही उद्योगच नाही. तुम्ही तिकडे सावलीत बसा."

मुकादमांनी मुलांकडे पाहिलं, मग सावलीकडे पाहिलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पातं खाली ठेवून ते म्हणाले, "चकाचक झाले पाहिजेत हं!" आणि लगेच आडवे झाले.

"हं, आता ऐका!" हवालदारचा खरा आवाज परत आला. "एक कणही समुद्रात जायचा नाही! सगळं धक्क्यावरच्या या बादल्यांत, खाऱ्या पाण्यात!"

खरवडून खरवडून हात सोलवटले. शिंपले निघाले, खेकडे निघाले. एका खेकड्याने भोपळ्याचं बोट पकडलं आणि तो धक्काभर नाचला. पण जांभळं काहीच दिसेना.

"नसेलच आता," भोपळ्या पुटपुटला.

"शेवटचा टायर बघितल्याशिवाय कुणी हलायचं नाही!"

शेवटच्या टायरच्या आत शेंगदाण्याने हात घातला आणि किंचाळला, "ईऽऽ! शेंबूड!" हाताला लागलेला बुळबुळीत गोळा त्याने बादलीत झटकला.

गोळा पाण्यात बुडाला आणि हळूहळू उलगडला. जांभळाजर्द! काठाला पिवळी धमक पट्टी!

"तीच ही!" हवालदारला आनंदाने रडूच आलं.

"आणि हे बघ, अजून दोन! पार इवलाले शेंबूड!" शेंगदाणा टायरमध्येच घुसला होता. "इथे पिवळी रिबीनपण चिकटलीय."

"तिला हात लावू नकोस. टायरसकट नेऊ!"

"अरे, टायर कुठे चालवलाय?" मुकादमांनी एक डोळा उघडला.

"चकाचक करायला, काका!"

ओलं पोतं पांघरलेला टायर ढकलत, बादली सांभाळत वरात रस्त्याने निघाली, संग्रहालयाच्या पायऱ्या चढली आणि थेट संचालकांच्या स्वच्छ गालिच्यावर येऊन थांबली.

"हा काय धुडगूस आहे!" संचालक गरजले. मावशी धावत आली आणि गुडघे टेकून बादलीत डोकावली.

संचालकांनी चष्मा पुसून पाहिलं. "जांभळी आहे खरी. पण टाकीतून सोडलेली नाही कशावरून?"

"मग पिल्लं पण सोडली का कुणी?" भोपळ्या फुरफुरला. "आणि ही रिबीन?"

मावशी टायरमध्ये वाकली आणि ओरडलीच. "सर, ही रिबीन म्हणजे हिची अंडी. ही पाहुणी इथे बिऱ्हाड करून राहिलीय!"

संचालकही टायरमध्ये वाकले. मग ते हळूच म्हणाले, "आपल्या समुद्रातली पहिली नोंद! बाई, चूक तुमची नव्हती, माझी होती. अहवाल थांबवतो. ही नोंद तुमच्या नावाने जाईल. आणि पोरांनो, कमाल केलीत! शोधणारे म्हणून तुमचीही नावं त्यात येतील."

मावशीने तिघांना मिठीत ओढलं. ती पुन्हा रडत होती, पण या वेळी हसत हसत.

आनंदाच्या भरात संचालकांचा हात सवयीने स्पिरिटच्या बाटलीकडे गेला.

"आधी फोटो!" चौघंही एकदम ओरडले.

संचालकांनी चटकन हात मागे घेतला आणि कॅमेरा स्वतःच्या हाताने मावशीला आणून दिला.