साडेनऊ फुटांवरचा वैजनाथ

खरं प्रेम मरणालाही घाबरत नाही. सुकन्या मात्र घाबरली, आणि तेही संध्याकाळी सव्वासहाला.

कारण होती तिनेच आखलेली बाग. स्वीडनला सहा महिने उद्यानरचना शिकून ती नगरला परतली आणि सावेडीच्या एका ट्रस्टने हौसेने तिच्या हाती दोन एकर दिले. तिकडच्या पद्धतीप्रमाणे तिने कुंपण घातलं नाही, नुसतं फाटक ठेवलं. गवत कापलं नाही. कारंज्याऐवजी जमिनीलगत धुकं सोडणाऱ्या नळ्या बसवल्या. तिकडची पांढऱ्या खोडाची बर्चची झाडं नगरच्या उन्हात आठवड्यात वाळली, तेव्हा डोंगरातले कांडोळ आणले. पांढरंफटक खोड, पानं गळली की हाडं उभी केल्यासारखी. गावाकडे याला भुताचं झाड म्हणतात, हे नर्सरीवाल्याने झाडं लावून झाल्यावर सांगितलं.

दिवे गुडघ्याइतके. त्यामुळे येणाऱ्याचे पाय दिसत, तोंड दिसत नसे. बाकं एकेकट्याची, कारण स्वीडनमध्ये माणूस बागेत एकटा बसायला जातो. नगरमध्ये कुणी एकटं बसलं की चार जण येऊन विचारतात, काय झालं? त्यात बाकं देणगीतून आलेली, प्रत्येकावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. चाळीस बाकं, चाळीस मयत. बागेत कुणी फिरकेना. शेवटी ट्रस्टने महिन्याची मुदत दिली... नियमित येणाऱ्यांची यादी दाखवा, नाहीतर बाग मोडू.

त्या संध्याकाळी ती नळ्या तपासत होती आणि दिव्याच्या उजेडात एका बाकाखाली दोन बूट दिसले. तिची नजर आधी टाचांकडे गेली.

"सरळ आहेत," धुक्यातून आवाज आला. "पाय. तेच बघताय ना?"

"मी... बूट बघत होते."

"नऊ नंबर. जरा घासलेत."

"तुम्हाला इथे भीती नाही वाटत?"

"मी मोजणी खात्यात आहे हो. भावाभावांच्या बांधावर टेप धरतो. भुतं त्या मानाने समजूतदार असतात."

ती हसली. बागेत पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. तो आवाज कांडोळांत शिरला आणि जरा उशिराच परत आला...

"नाव सांगा. यादी करायचीय."

"वैजनाथ आसाराम गर्जे," त्याने सरकारी माणसासारखं सगळं सांगितलं.

फाटकाशी वॉचमन रंगनाथ उभा होता. "मॅडम, कुनाशी बोलत हुता?"

"एक जण आले होते ना. वैजनाथ गर्जे."

रंगनाथने विडी विझवली. "फाटकातनं तर कोनी आलं न्हाई. अन् त्या बाकावरचं नाव वाचलं न्हाई व्हय?"

बाकी तिन्ही बाजूंनी बाग उघडी होती, पण रंगनाथची नेमणूक फाटकावर होती. मोबाईलच्या उजेडात सुकन्याने वाचलं: कै. वैजनाथ आसाराम गर्जे.

शहाण्या मुलीने बागच सोडली असती. पण यादीत एवढं एकच नाव होतं. शिवाय आवाज बरा होता. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या बाकावर बसू लागली. तो बोरं आणायचा, एकेक तिच्याकडे टाकायचा. ती झेलायची... पण खायची नाही, पर्समध्ये ठेवायची.

"साडेनऊ फूट आहे आपल्यात," तो एकदा म्हणाला. "मोजलं मी."

"नियमाप्रमाणे आहे."

"कुणाच्या?"

"स्वीडनच्या."

"मग त्यांची लग्नं कशी जमतात?"

रविवारी तिला उशीर झाला. दिव्याच्या उजेडात आज अनवाणी पाय होते. भेगाळलेले, चिखल वाळलेला, उजव्याला अंगठाच नाही. बिचारा, तिला वाटलं, म्हणून नेहमी बूट.

"आज गप्प का?"

खूप चालून आलेला माणूस टेकतो तेव्हा सोडतो, तसा एक सुस्कारा फक्त आला. रातकिडेसुद्धा ओरडत नव्हते.

सोमवारी तिने धीर केला. "तुम्ही... गेलाय का?"

"कुठे?"

"म्हणजे... बाकावर लिहिलंय तसं."

तो पोट धरून हसला. "अहो, ते आजोबा! आमच्या घरात दोनच नावं. वैजनाथ आणि आसाराम. आलटून पालटून वापरतो. आजोबा पाथर्डीकडचे, दरसाल ऊसतोडीला. जन्मात कुठे निवांत बसले नाहीत, म्हणून वडिलांनी बाक दिलं. त्यावर कुणी बसेना, म्हणून मी येतो. सोमवार ते शनिवार."

"आणि रविवारी?"

"गावाला असतो."

धुकं दिव्यांच्या वर चढलं. तिने कालचे पाय सांगितले. त्याचं हसू विरलं.

"उजवा अंगठा?" त्याने हळूच विचारलं.

"नव्हता."

"कोयत्याने गेलेला," तो म्हणाला, आणि बसल्या जागी किंचित सरकला.

मग सुकन्या म्हणाली, "त्यांना बसू द्या तिथे. तुम्ही... इकडे या."

तिचं बाक अठरा इंचांचं होतं. मोजणी खात्याच्या माणसाने मोजलं नाही. त्याचा हात उबदार होता. तिने तो दोनदा तपासला, मग सोडलाच नाही.

महिनाअखेरीला ट्रस्टची सभा भरली. अध्यक्षा राजेश्वरीताईंनी यादी वाचली. 'वैजनाथ आसाराम गर्जे' ऐकताच सगळे सदस्य श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभे राहिले. शिष्टाचार म्हणून वैजनाथही उभा राहिला.

"तो मीच आहे," मिनिटं संपल्यावर तो म्हणाला. "रोज येतो. हिच्याजवळ बसायला."

"ही कोण तुमची?" ताईंनी विचारलं.

"होणारी बायको," सुकन्या म्हणाली.

"मी अजून विचारलं नाहीये..."

"मग विचारा ना. सभा चालू आहे तोवर!"

त्याने विचारलं. तिने हो म्हटलं. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका जोडप्यावर बाग चालत नाही असं ठरलं.

मार्चमध्ये बाग मोडून ट्रस्टने तिथे लग्नाचं लॉन केलं. मेच्या सगळ्या तारखा आधीच गेल्या होत्या, म्हणून या दोघांचं लग्न सोनईला झालं.