थर्मामीटर तोंडात असताना

"तोंड उघडा," वच्छला म्हणाली. समोरच्या माणसाने निमूट तोंड उघडले. थर्मामीटर जिभेखाली ठेवून ती पुढच्या खाटेकडे वळली आणि त्याला साफ विसरली.

बऱ्याच वेळाने परतली, तर तो बाकावर तसाच! ओठ मिटलेले, मांडीवर पान्या-पकडींची पिशवी, डोळ्यांत हसू...

"ताप तं नाई. काय होऊन राह्यलं तुमाले?"

"मले? काई नाई, सिस्टर. मी पंखा दुरुस्त कराले आलो."

वॉर्डात हशा पिकला. वच्छलाला मात्र रडू फुटले. गडचिरोली नवा जिल्हा झाला, दुसरी सिस्टर बदलून तिकडे गेली, आणि तालुक्याचा हा दवाखाना एकट्या वच्छलाच्या गळ्यात पडला. सुट्टी कशी असते तेच ती विसरली होती. आताशा माणसे दिसतच नसत, नुसत्या खाटा दिसत.

खुशाल वायरमन हसायचा थांबला. गुपचूप चहा आणून त्याने तिच्यापुढे ठेवला.

मग काय, पंखा वारंवार बिघडू लागला.

"इतका कसा बिघडते हो?"

"पंखा बरा आहे," खुशाल तिच्याकडे बघत म्हणाला, "माहंच काई खरं नाई..."

ती लाजली. कितीतरी दिवसांनी हसलीही.

एक दिवस तो धावतच आला. "ऊर्जानगरले वीजकेंद्रात पक्की नोकरी लागली, वच्छला! क्वार्टर भेटन. लग्न करू... अन् हे नोकरी सोडून दे. किती मरशील?"

सुटका दारात उभी होती. माणूसही मनातला. तरी तिच्या तोंडून हो निघेना.

"परवा सांगतो," ती म्हणाली, आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरली. "साहेब, उद्या मी येणार नाही."

"मग वॉर्ड कोण बघणार?"

"तुम्ही."

दुसरा अख्खा दिवस ती झोपली. जाग आली ती एकाच विचाराने — कोपऱ्यातल्या खाटेवरच्या गिरजाबाईने पेज घेतली असेल का? तिचे तिलाच हसू आले. कामाला ती कंटाळलीच नव्हती. एकटीने ओढण्याला कंटाळली होती.

सकाळी ती पुन्हा डॉक्टरांपुढे. "हप्त्याची सुट्टी आणि दुसरी सिस्टर. चंद्रपूरच्या जिल्हा कार्यालयाला ट्रंककॉल लावा साहेब, मी इथंच उभी आहे."

डॉक्टरांनी कुरकुरत फोन उचलला. सुट्टी त्याच दिवशी कबूल झाली, सिस्टर महिन्याच्या आत धाडू, असे चंद्रपूरहून सांगितले.

बाहेर बाकावर खुशाल उत्तराची वाट बघत होता.

"तोंड उघडा."

"पण मले ताप—"

थर्मामीटर आत गेला. "आता बोलाचं नाई, आयकाचं. तुमी मले आवडता. लई आवडता. पण नोकरी मी सोडत नाई. ऊर्जानगरकडं बदली मागतो, भेटेवरी तुमी एस.टी.नं या. अन् माह्या सुट्टीच्या दिवशी सैपाक तुमचा. कबूल?"

खुशालने जोरजोरात मान हलवली.

"हळू! फुटन नं!"

या वेळी ती दुसऱ्या खाटेकडे वळली नाही. त्याचा हात हातात घेऊन, थर्मामीटर काढायची वेळ होईपर्यंत, त्याच्याशेजारी बसून राहिली.